दुसऱ्याच्या नावानं पोहणारा मासा

मालदीवच्या प्रवाळभित्तींवर चाळीस ते सत्तर मीटर खोलीवर एक छोटा, गुलाबी छटांचा मासा राहतो. संशोधकांच्या हाती तो पहिल्यांदा लागला १९९०च्या दशकात. त्याची ओळख पटली आहे असंच सगळ्यांनी धरून चाललं. हा सिऱ्हिलॅब्रस रुब्रिस्क्वॅमिस, असं ठरलं आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं तो त्याच नावानं ओळखला गेला. शोभेच्या माशांच्या व्यापारातही तो पोचला, काचेच्या टाक्यांत जाऊन पोहू लागला. मग मार्च २०२२मध्ये ‘झूकीज’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. यी-काय टी, अहमद नजीब, जोसेफ रोलेट आणि लुईस रोशा या चौघांनी त्यात दाखवून दिलं, की हा मासा रुब्रिस्क्वॅमिस नाहीच. त्याची विज्ञानात आजवर नोंदच झालेली नव्हती. त्यांनी त्याला नाव दिलं सिऱ्हिलॅब्रस फिनिफेनमा.

‘नव्या प्रजातीचा शोध’ अशी बातमी वाचली, की आपल्या मनात येतो तो पाणबुड्यांना अचानक दिसलेला, कुणीही न पाहिलेला जीव. तसं कधीकधी घडतंही. पण माशांच्या बाबतीत त्याहून कितीतरी जास्त वेळा गोष्ट वेगळी असते. मासा सगळ्यांनी पाहिलेला असतो, विकलेला असतो, कदाचित खाल्लेलाही असतो. तो वेगळा आहे हे मात्र कुणी सिद्ध केलेलं नसतं. हे सिद्ध करण्याचं काम समुद्रात फार थोडं आणि टेबलावर फार जास्त चालतं. मला फिनिफेनमाची कहाणी महत्त्वाची वाटते ती त्यासाठी.

घोटाळ्याचं मूळ १९८३ सालात आहे. त्या वर्षी जॉन रँडल आणि ॲलन एमरी यांनी रुब्रिस्क्वॅमिसचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्याकडे नमुना होता एकच, तो आला होता चागोस द्वीपसमूहातून, म्हणजे मालदीवमधल्या मालेपासून दक्षिणेला सुमारे हजार किलोमीटरवरून, आणि तो पूर्ण वाढलेला मासा नव्हता, पिल्लू होतं. रँडल हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. आठशेहून अधिक माशांची वर्णनं त्यांच्या नावावर आहेत आणि २०२० साली, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले तोवर ते मासेच अभ्यासत होते. तेव्हा हा निष्काळजीपणा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. दूरच्या बेटांवरून एकच नमुना हाती आला असेल आणि तो ज्ञात प्रजातींशी जुळत नसेल, तर त्याच्यावरूनच वर्णन करावं लागतं. दुसरा नमुना कधी येईल, येईल की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं.

अडचण या माशांच्या स्वभावातच आहे. फिनिफेनमा आणि रुब्रिस्क्वॅमिस हे दोन्ही रॅस कुळातले, त्यातही ‘फेअरी रॅस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वंशातले. या वंशात साठहून अधिक प्रजाती आहेत. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपत ते भित्तीच्या जरा वर, थव्यानं राहतात. त्यांची पिल्लं एकमेकांसारखी दिसतात, माद्याही बऱ्याच सारख्या. या माशांत प्रत्येक जण आधी मादी असतो आणि त्यांतल्या काही पुढे नर होतात. नर झाल्यावर मात्र रंग उसळून येतात आणि माद्यांपुढे मिरवताना तर आणखीनच झळकतात. प्रजाती ओळखायची ती बहुतेक वेळा या प्रौढ नरांच्या रंगांवरून. चागोसचा एकमेव नमुना पिल्लू असल्यामुळे रुब्रिस्क्वॅमिसचा नर कसा दिसतो हे वर्णनात असणं शक्यच नव्हतं. पुढे मालदीवमध्ये प्रौढ मासे मिळाले तेव्हा चागोसचं पिल्लू मोठं होऊन असंच दिसत असणार, हा तर्क सहज स्वीकारला गेला.

तर्काला आणखी एक आधार होता, भूगोलाचा. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही एकाच बुडालेल्या डोंगररांगेवरची बेटं. या रांगेचं नातं थेट आपल्या पायाखालच्या कातळाशी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतामुळे दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले, त्याच स्रोतावरून भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला आणि त्याच्या वाटेवर ज्वालामुखींची एक ओळ उठत गेली. ते ज्वालामुखी पुढे खचले, त्यांच्यावर प्रवाळांनी चुनखडी चढवली आणि आजची कंकणद्वीपं झाली. तो स्रोत सध्या रियुनियन बेटाखाली आहे. एकाच रांगेवरची बेटं आहेत, तर मासाही एकच असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मधल्या खोल पाण्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या प्रजाती नांदत होत्या.

इथे ‘नवी’ म्हणजे कुणासाठी नवी, हा प्रश्न मनात येतोच. मुंबईच्या कोळीवाड्यांत बोंबील किती पिढ्या वाळत घातले जात आहेत याची गणती नाही. पण प्राणिशास्त्राच्या लेखी बोंबलाचा जन्म १८२२चा, कारण त्या वर्षी फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेच्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात त्याचं नियमाला धरून वर्णन केलं. नियम असा, की लिनियसच्या ग्रंथाच्या १७५८च्या दहाव्या आवृत्तीपासून पुढे जे नाव पहिल्यांदा रीतसर प्रसिद्ध होईल ते खरं. नुसतं वर्णन, अगदी उत्तम चित्रासह असलं तरी, पुरत नाही. पॅट्रिक रसेलनं १८०३मध्ये विशाखापट्टणमच्या दोनशे माशांची वर्णनं आणि चित्रं छापली. मासे बिनचूक चितारलेले होते, पण त्यानं लॅटिन द्विनाम दिलं नाही, स्थानिक नावांवरच भागवलं. परिणामी त्यातल्या कित्येक माशांची शास्त्रीय नावं पुढे युरोपातल्या इतरांनी रसेलच्या चित्रांवरून ठेवली आणि श्रेय त्यांच्याकडे गेलं. प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आज तर आणखी काटेकोर आहे. २००० सालापासून नव्या प्रजातीचा एक नामधारक नमुना नेमून सांगावाच लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल तेही लिहावं लागतं. या नमुन्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कधीही वाद झाला, तर निकाल त्या एका देहाकडे पाहूनच लागतो. वर्णनात काय लिहिलं आहे, यालाही त्याच्यानंतरचं स्थान.

आता काम कसं चालतं ते पाहू. हौशी स्कूबा पाणबुड्यांची मर्यादा साधारण चाळीस मीटरची. फिनिफेनमा राहतो तिथून खाली. तिथे साध्या हवेतला नायट्रोजन गुंगी आणतो, म्हणून हेलियम मिसळलेला वायू घेऊन आणि सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं यंत्र पाठीवर बांधून जावं लागतं. तळाशी मिळतो तो वेळ थोडा, वर यायला मात्र ठरलेल्या थांब्यांवर थांबत बराच वेळ जातो. माशालाही तेच. त्याच्या पोटातली हवेची पिशवी वर येताना फुगते, घाईनं आणला तर तो जगत नाही. शिवाय पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळून टाकतं. त्यामुळे वर आल्यावर ज्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं तो गुलाबी मासा पन्नास मीटरवर दिव्याशिवाय करडा, निळसर दिसतो. त्या खोलीवरच्या माशांचे खरे रंग कित्येकदा पाणबुड्याच्या दिव्याचा झोत पडेपर्यंत कुणाला कळत नाहीत.

नमुना हाती आला की घाई सुरू होते ती रंगासाठी. मासा मेला की रंग उतरू लागतो आणि अल्कोहोलमध्ये गेल्यावर लाल-पिवळ्या छटा पार नाहीशा होऊन तो फिकट, मातकट दिसायला लागतो. म्हणून मासा ताजा असतानाच त्याचे पर टाचण्यांनी पूर्ण उलगडून धरायचे, त्यांच्यावर ब्रशनं फॉर्मालिन लावायचं, पर तसेच ताठ झाले की टाचण्या काढून फोटो घ्यायचा. ही पद्धत रूढ करण्यात रँडल यांचाच मोठा वाटा. बाजूनं काढलेले, सगळे पर फुललेले त्यांचे हजारो फोटो आजही संदर्भाला काढले जातात. फॉर्मालिन लावण्याआधी आणखी एक काम उरकावं लागतं. परांचा किंवा मांसाचा बारीकसा तुकडा कापून वेगळ्या अल्कोहोलमध्ये ठेवायचा, कारण फॉर्मालिन डीएनए खराब करतं. मग मासा फॉर्मालिनमध्ये, तिथून धुऊन सत्तर टक्क्यांच्या आसपासच्या अल्कोहोलमध्ये, चिठ्ठीसह बरणीत. चिठ्ठीवर जागा, खोली, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. ही चिठ्ठी हरवली, तर बरणीतला मासा शास्त्राच्या दृष्टीनं जवळजवळ निरुपयोगी होतो.

यानंतरचं काम मोजण्याचं. माशाची लांबी थुथनीपासून शेपटीच्या मुळाशी हाड संपतं तिथपर्यंत घेतात, शेपटीचा पर धरत नाहीत, कारण तो फाटलेला, झिजलेला असू शकतो. बाकीची सगळी मापं, डोळ्याचा व्यास, डोक्याची लांबी, प्रत्येक काट्याची उंची, या लांबीच्या टक्केवारीत मांडतात, म्हणजे लहान-मोठे नमुने एकमेकांशी ताडून पाहता येतात. परांमधले कडक काटे रोमन आकड्यांत आणि मऊ अर साध्या आकड्यांत लिहायची रीत आहे. पार्श्वरेषेवरचे, गालावरचे, शेपटीच्या देठाभोवतीचे खवले सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायचे. मणक्यांसाठी एक्स-रे. हे सगळं एका माशासाठी नव्हे, मिळतील तितक्या नमुन्यांसाठी करायचं, शक्य तिथे पिल्लं, माद्या, नर असे सगळे घेऊन, नाहीतर १९८३मध्ये जे झालं तेच पुन्हा.

मासा फारच लहान असेल, तर तेवढ्यावर भागत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सोडवाना बे इथे सापडलेला हिप्पोकॅम्पस नालू हा घोडमासा जेमतेम दोन सेंटिमीटरचा. त्याचं वर्णन २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. हिंदी महासागरातला हा पहिलाच खुजा घोडमासा, त्याचे ज्ञात भाऊबंद आठ हजार किलोमीटर दूर, आग्नेय आशियाच्या बाजूला. त्याचा सांगाडा पाहायला सीटी स्कॅन करावा लागला. पाठीवरचे काटे इतर खुज्या घोडमाशांत बोथट असतात, याचे टोकदार निघाले. असा फरक नुसत्या डोळ्यांना दिसणं अवघड, पण प्रजात उभी राहते ती अशाच फरकांवर.

फेअरी रॅसच्या मोजमापात एक गोष्ट लक्षात येते, बहुतेक आकडे सारखेच येतात. पाठीच्या परात अकरा काटे आणि नऊ मऊ अर, गुदपरात तीन काटे आणि नऊ अर, हे या वंशात सर्रास आढळतं. म्हणजे दिवसचे दिवस मोजून हाती येतं ते साम्य, आणि त्या ढिगातून न जुळणारे दोन-तीन आकडे शोधायचे असतात. फिनिफेनमाच्या बाबतीत ते सापडले. पाठीवरच्या काट्यांची उंची, शरीराच्या काही भागांवरच्या खवल्यांची संख्या आणि प्रौढ नरांचे रंग यांत तो चागोसच्या माशापासून वेगळा निघाला. त्यासाठी १९८३ सालच्या त्या रुब्रिस्क्वॅमिसच्या नमुन्याशी त्याची तुलना करावी लागली. चार दशकांपूर्वी कुणीतरी तो नीट बाटलीत घातला, चिठ्ठी लिहिली, अल्कोहोल उडून जातंय का हे वर्षानुवर्षं पाहिलं, म्हणून ही तुलना शक्य झाली. संग्रहालयाच्या तळघरात हे काम करणाऱ्या माणसांची नावं शोधनिबंधाच्या शीर्षकाखाली येत नाहीत. माझ्या मते नव्या प्रजातीच्या प्रत्येक बातमीत त्यांचाही वाटा मोजला पाहिजे.

जनुकीय तपासणीही झाली आणि तिनंही हाच कौल दिला. मात्र डीएनएनं सगळं आपोआप ठरतं हा समज चुकीचा आहे. किती टक्के फरक असला की प्रजात वेगळी, याची सर्वमान्य रेघ नाही. काही फेअरी रॅसमध्ये नर डोळ्यांत भरण्याइतके वेगळे असतात आणि जनुकीय अंतर अगदी थोडं असतं. म्हणून रंग, मोजमाप, जनुकं आणि राहण्याची ठिकाणं असे अनेक पुरावे एकत्र मांडायचे, आणि ते एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर निष्कर्ष काढायचा. तरीही प्रजात हा शेवटी एक दावाच असतो. नामकरणाची संहिता नाव रीतसर ठेवलं की नाही एवढंच पाहते, दावा खरा की खोटा ते पाहत नाही. उद्या कुणी पुरावा आणला, तर दोन नावं पुन्हा एक होतील आणि आधीचं नाव टिकेल.

या निबंधाचं वेगळेपण आणखी एका गोष्टीत आहे. मालदीवच्या पाण्यात माशांच्या शेकडो प्रजाती नोंदलेल्या आहेत, पण वर्णन करणाऱ्यांत मालदीवचा संशोधक असलेली ही पहिलीच प्रजात. अहमद नजीब हे मालदीव मरीन रिसर्च इन्स्टिट्यूटचे. तोवर तिथले मासे बाहेरून आलेल्यांनी पकडले, बाहेर नेले, बाहेर त्यांना नावं दिली. फिनिफेनमा हा धिवेही भाषेतला गुलाब, मालदीवचं राष्ट्रीय फूल, आणि शास्त्रीय नावातही तो शब्द तसाच ठेवला आहे.

मासे असे बाहेर जाण्याचं दुःख आपल्यालाही नवं नाही. फ्रान्सिस डे हा मद्रासच्या सैन्यातला वैद्य, पुढे मत्स्यखात्याचा अधिकारी. त्याचा ‘फिशेस ऑफ इंडिया’ १८७५ ते १८७८ या काळात आला आणि आजही भारतीय किनाऱ्यावरच्या माशांचा अभ्यास त्याला वगळून करता येत नाही. पण त्यानं जमवलेले नमुने कोलकाता, लंडन असे विखुरले. एक मोठा भाग १८८०च्या दशकात सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमनं विकत घेतला. आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या लहानशा माशाबद्दल शंका आली, तर इथल्या संशोधकाला सिडनीतल्या बाटलीची मापं मागवावी लागतात. भारताच्या २००२च्या जैवविविधता कायद्यात याची दखल घेतली आहे. कलम ३९प्रमाणे देशात सापडलेल्या नव्या प्रजातीची सूचना नेमलेल्या संस्थेला द्यावी लागते आणि तिचा नमुना तिथे जमा करावा लागतो. कोलकात्याची भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था, स्थापना १९१६ची, या कामातली प्रमुख. हे चांगलंच आहे. फक्त तिथे बाटल्या सांभाळायला आणि खवले मोजायला शिकलेली माणसं पुरेशी लागतील. वर्गीकरणाचं शिक्षण आपल्या विद्यापीठांतून ज्या वेगानं आटत चाललं आहे ते पाहून मला काळजी वाटते.

नाव वेगळं झाल्यानं माशाच्या आयुष्यात काय फरक पडतो? बराच पडतो. २०२२च्या आधी कागदावर एक प्रजात होती, मालदीवपासून चागोसपर्यंत पसरलेली, म्हणजे तशी सुखरूप. निबंधानंतर दोन झाल्या, आणि दोघींचाही प्रदेश आधी समजला होता त्याहून लहान. चागोसभोवती ब्रिटननं २०१०मध्ये मासेमारीबंदीचं मोठं सागरी क्षेत्र जाहीर केलं होतं. एकच प्रजात धरली असती, तर तिथे ती राखली जाते आहे, मालदीवमध्ये कितीही पकडा, असं म्हणता आलं असतं. आता ते म्हणता येणार नाही. सुदैवानं फिनिफेनमा सध्या भरपूर आहे, जादा पकडल्यानं संपेल अशी भीती आज नाही. तरी ज्या माशाला स्वतःचं नावच नव्हतं त्याचा व्यापार आधीपासून चालू होता, ही गोष्ट लुईस रोशा यांनाही अस्वस्थ करणारी वाटली. किती गेले याची नोंद ठेवायची, तर आधी कशाचे किती, हे कळायला हवं.

हाच प्रश्न आपल्या ताटापर्यंत येतो. चंदेरी पापलेट २०२३मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. पुस्तकांत त्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या पॅम्पस अर्जेंटियस असं छापलं गेलं आणि पश्चिम आशियापासून चीन-जपानपर्यंत एकच पापलेट आहे असं मानलं गेलं. गेल्या काही वर्षांत भारतीय संशोधकांनी जनुकं आणि शरीररचना दोन्ही तपासली, तेव्हा आपल्या किनाऱ्याचा पापलेट पॅम्पस कँडिडस असल्याचं दिसून आलं. हे नाव क्युव्हिएनं १८२९मध्येच दिलं होतं. मधल्या काळात ते दुसऱ्या नावात विलीन होऊन अडगळीत पडलं होतं. चीनच्या समुद्रातल्या पापलेटाची वाढ, अंडी घालण्याचा हंगाम, साठ्याचा अंदाज हे सगळं डहाणू-सातपाटीच्या पापलेटाला लावून चालणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. इथल्या माशाचा अभ्यास इथेच, त्याच्याच नावानं करावा लागेल.

मालदीवच्या त्याच खोल भित्तींवरच्या मोहिमेत संशोधकांना आणखी किमान आठ मासे असे दिसले, जे विज्ञानाला अजून माहीत नसावेत. जगात माशांच्या छत्तीस हजारांहून जास्त प्रजाती मान्य आहेत आणि दरवर्षी त्यांत काहीशे नव्यांची भर पडते. त्या आठांपैकी प्रत्येकासाठी पुन्हा टाचण्या, फॉर्मालिन, सूक्ष्मदर्शक, जवळच्या नातलगाचा होलोटाइप कुठल्या देशात कुठल्या बाटलीत आहे याचा शोध, आणि मग काट्यांची उंची मोजणं.